डोक्याच्या तापाची मोजणी

गोव्यात पेडणे आणि डिचोली तालुक्यांत जुन्या लोकांना माझं नाव आठवत नाही. ‘मोजणीवाली बाई’ म्हटलं की मात्र लगेच आठवते. कुळ-मुंडकारांची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत कसणाऱ्या-राहणाऱ्यांची, प्रकरणं घरोघरी चालू होती ते दिवस, त्यामुळे मोजणी म्हटली की लोकांना जमीनच दिसायची. हळर्णला एका घराच्या पायरीवर मी नुसता पाय ठेवला, तर तिथल्या म्हाताऱ्याने शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, “बाई, तो माड आमचो. फणसूय आमचो. लिवन घे!”

मी म्हटलं, “आजोबा, मी जमीन मोजायला नाही आले. तुमच्या नातवाचं डोकं मोजायला आलेय.”

म्हाताऱ्याने नातवाकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाला, “मगे तुका जास्त वेळ लागचो नाय.”

हे काम माझ्या गळ्यात पडलं कसं, ते सांगते. मी डिचोलीच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मराठी माध्यमाची शिक्षिका. गोवा घटक राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. कोकणी की मराठी, हे राजभाषेचं भांडण कागदावर मिटलं होतं, घराघरांत चालू होतं. मुलांना कोणत्या भाषेत शिकवावं यावर जो तो तावातावाने बोलत होता, आणि बोलणाऱ्यांत बाकावर बसणारं एकही पोर नव्हतं. अशात पणजीच्या एका कार्यालयात बाहेरगावी शिकून आलेले एक साहेब बसले. त्यांनी ठरवलं, भांडण कशाला हवं, सरळ मोजूया. परक्या भाषेत शिकताना पोराच्या मनावर किती भार पडतो, त्याचा आकडा काढूया. गावोगाव फिरायला माणूस हवा होता. माझ्या हेडबाईंना मी शाळेत नको होते. झालं माझं काम!

मोजायची रीत अशी होती. मुलाला एक गणित द्यायचं, ज्या भाषेत त्याची शाळा चालते त्या भाषेत. ते सोडवून झालं की खाली एक ते नऊ आकडे छापलेले असायचे. डोक्याला अजिबात त्रास झाला नाही तर एकवर खूण, फार म्हणजे फारच झाला तर नऊवर. बस्स. याशिवाय एक पेटी होती, तिच्यावर छोटासा दिवा. मुलाने उजव्या हाताने गणित करायचं आणि दिवा लागला की डाव्या हाताने बटण दाबायचं. बटण दाबायला जितका उशीर, तितकं डोकं गणितात गुंतलेलं, असा साहेबांचा हिशेब. हिशेब चांगला होता हो! पण आमची पोरं गणित सोडून दिव्यावरच डोळे लावून बसायची. दिवा लागायच्या आधीच बटण दाबून “बाई, मी पयलो!” म्हणायची. साहेबांनी तो आकडा बघितला आणि गोव्याच्या मुलांची बुद्धी विजेपेक्षा चपळ आहे असं काहीतरी लिहायला घेतलं. मी त्यांना वेळेवर थांबवलं.

मग चोपडे. शिवोलीहून फेरीबोट धरून, पेटी मांडीवर घेऊन मी पलीकडे उतरले. शाळेत गेले, गणितं दिली. सगळ्या वर्गाने नऊवर खुणा केल्या. झाडून सगळ्यांनी! एवढा भार या लेकरांवर? एका मुलीला जवळ घेऊन विचारलं, “बाय, एवढं कठीण गेलं तुला?”

“ना बाई,” ती म्हणाली, “सोपं होतं. म्हणून तर नऊ घेतले. धा नव्हतेच ना.”

पोरांनी ते गुण समजून आपले आपणच घेऊन टाकले होते. शिवाय बाहेरच्या बाईंसमोर कमी गुण घेऊन शाळेचं नाव कशाला घालवायचं, हाही विचार होताच. मी पणजीला येऊन साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “बाई, तुमच्या समजावण्यात कमतरता राहिली.” साहेबांची एक गोष्ट मला आवडायची. चूक कुणाची हे शोधायला त्यांना कधी वेळ लागला नाही.

सगळ्यांत गंमत ‘पहिली भाषा’ या रकान्याची. दुसरी भाषा किती जड जाते हे मोजायचं, तर आधी पहिली ठरायला हवी. घरोघरी बाप सांगायचा, “मराठी लिवा.” आतून बायको ओरडायची, “रे, उदक तापलां, न्हाऊक यो!” मी विचारायचे, “ही कोणती?” बाप म्हणायचा, “ती घरातली. भाषा मराठीच.” पणजीत याच्या उलट. तिथे कोकणीसाठी घसा बसेपर्यंत भाषणं करणारे एक गृहस्थ आमच्या समितीवर होते. त्यांच्या घरी मी एकदा कागद द्यायला गेले, तर ते आपल्या मुलाला इंग्रजीतून दटावत होते. मला बघितल्यावर कोकणीतून दटावायला लागले. पोरगं बिचारं गोंधळून उगी झालं. असल्या माणसांनी मिळून पहिली भाषा कोणती हे ठरवायचं होतं. ते काही ठरलं नाही, आणि रकाना शेवटी ‘इतर’ म्हणून भरायचं ठरलं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण संगीताची गोष्ट आली आणि माझं हसू गेलं.

डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यातलं ते गाव. रस्ता लाल, झाडं लाल, शाळेच्या खिडकीच्या कांबी लाल. तिथल्या हायस्कुलात पाचवीपासून सगळं इंग्रजीत. चौथीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर जूनमध्ये पाचवीच्या वर्गात बसतं आणि ज्या बेरजा-वजाबाक्या कालपर्यंत त्याच्या ओळखीच्या होत्या, त्या त्याला ओळख दाखवेनाशा होतात. संगीता त्यांतलीच एक. तिचा बाप बाबी, मूळचा सावंतवाडीकडचा, खाणीवर टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, चालवायचा. आई खनिजाचे ढीग असतात त्या प्लॉटवर ते निवडायला जायची. घरात एक रांगता भाऊ होता, त्याला सांभाळायला एक म्हातारी शेजारीण यायची, तीही आली तर आली. म्हणजे संगीता शाळेत येत होती ती घरातली एक जोडी हात कमी करून. हे तिलाही ठाऊक होतं.

त्या शाळेचे हेडमास्तर फार हुशार. माझं काम काय हे कळायच्या आधीच त्यांना त्यातली मेख कळली होती. वरून माणूस येतोय, आकडे घेतोय, म्हणजे अनुदानाचा संबंध असणारच. मी पोचायच्या आधी त्यांनी वर्गाला सांगून ठेवलं होतं, “सगळ्यांनी एकवर खूण करायची. आपल्या शाळेत कुणाला काही जड जात नाही. समजलं?”

वर्गाला समजलं. कागद जमा करून मी चाळले तर सगळे एक. गणितं मात्र बहुतेकांची चुकलेली. म्हणजे चुकली, पण चुकताना त्रास कसला तो झाला नाही! आणि त्या एकांच्या ढिगात एक नऊ. नाव संगीता. तिची गणितं बघितली, सगळी बरोबर.

मी तिला व्हरांड्यात बोलावलं. बारीक चणीची पोर, दोन वेण्या, फ्रॉकवर खाणीची तांबडी धूळ. “तुला हेडमास्तरांनी काय सांगितलं होतं?”

“एकार खूण करा म्हणान.”

“मग?”

“तुमी सांगितलास, खरा काय ता लिवा.”

“आणि खरं एवढं जड गेलं? गणितं तर सगळी बरोबर आहेत.”

ती थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, “बाई, पयला मी ता इंग्लिशीतला मराठीत आणतंय. तरी कळना नाय. मगे घरच्या बोलण्यात आणतंय. थंय कळता. थंय सोडवतंय. मगे परत मराठीत, मगे परत इंग्लिशीत. तोपर्यंत बाकीची पोरां लिवन बसलेली असतत.”

इतके महिने पेटी घेऊन फिरत होते, आणि काय मोजायचं होतं ते मला पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं होतं. मला तिची कीवही आली आणि अभिमानही वाटला. प्रत्येक गणिताला हे पोर डिचोलीहून निघून सावंतवाडीला जाऊन परत येत होतं.

हेडमास्तरांनी तो नऊ बघितला आणि त्यांचा पारा चढला. “ही मुलगी शाळेला खाली बघायला लावणार. हिला झेपत नाही!”

“सर, गणितं बरोबर आहेत तिची,” मी म्हटलं.

“असतील. पण त्रास पडला ना?”

“चुकलेल्यांचं काय?”

“त्यांना त्रास नाही पडला,” हेडमास्तर म्हणाले आणि संगीताच्या बापाला निरोप धाडला. मुलीला इंग्रजी झेपत नाही, सरकारच्या कागदावर तसं आलंय, तिला मराठी माध्यमात घाला. आता मराठी माध्यमाची पाचवी होती ती दूर, बसने जावं लागणार, आणि त्या रस्त्यावर टिपरची रांग. त्या टिपरवाल्यांपैकी एक असल्यामुळे बाबीला तो रस्ता चांगला ठाऊक होता. म्हणजे संगीताची शाळा संपली आणि भावाला सांभाळायला कायमचं माणूस मिळालं, असा त्या निरोपाचा अर्थ होता. आणि ‘सरकारचा कागद’ म्हणजे माझा कागद! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी बाबीच्या घरी गेले. तो पोदेराकडचे उंडे, म्हणजे पाव, चहात बुडवून खात होता, तो उठून उभा राहिला. मला बसायला कदेल पुढे केलं. मी त्याला समजावलं, की माझ्या कागदाने मुलीचं शिक्षण थांबवायचं नसतं, मुलीला किती जड जातंय तेवढंच बघायचं असतं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“बाई, तुमचा पटता माका. मास्तराचाव पटता. पण ह्या तुमच्या नि मास्तराच्या हातात नाय.”

“म्हणजे?”

“हिका इंग्लिशीत मी माझ्या मनान घातलंय नाय. गेल्या वर्सा देवळात प्रसाद लावलो. उजवो पडलो, म्हणान घातलंय. आता काडूचा म्हटल्यार परत देवाकच विचारूक होया.”

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे देवाला कौल लावतात, त्यालाच प्रसाद लावणं म्हणतात. मूर्तीला पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. लग्न, विहीर, दुकान, सगळं विचारतात. शिक्षणाचं माध्यमही विचारतात हे मला नवीन होतं. पण खरं सांगू? समितीच्या बैठकांना बसून आलेल्या मला ती रीत काही वाईट वाटली नाही. निदान एका सकाळीत निकाल लागत होता.

“तुमीव येवा,” बाबी म्हणाला. “कागद तुमचो. गुरवाक काय विचारूचा ता तुमीच सांगा.”

सोमवारी सकाळी आम्ही देवळात. बाबी, संगीता, मी. हेडमास्तरही आले होते. ते आपण उगाच वाटेवर होतो म्हणून आलो असं सांगत होते. गुरव म्हातारा, कान जरा मंद. मी त्याला मानसिक श्रम म्हणजे काय ते समजावायला गेले. साहेबांच्या परिपत्रकातलं एक वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं. गुरव माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग बाबीला विचारलं, “बाई काय म्हणता? डोक्याक ताप जाता?”

“व्हय,” बाबी म्हणाला, “डोक्याक ताप.”

“मगे तसा सांगा मां!” गुरवाने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि सुरुवात केली, “देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान गेल्या वर्सा तुका विचारून आपल्या चेडवाक इंग्लिशीत घातलान. आता त्या चेडवाच्या डोक्याक ताप जाता म्हणान मास्तर सांगतत. तर तेका थंयच ठेवूचा आसात तर उजवो दी, काडूचा आसात तर डावो दी, आणि हेंका वाट दाखय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे म्हणालो. हेडमास्तर सगळ्यांत मोठ्याने.

आणि बसलो वाट बघत. पाकळी पडेना. उजवीही नाही, डावीही नाही. गुरवाने पुन्हा हाक घातली. समईची वात सरळ करून झाली. हेडमास्तरांनी दोनदा घड्याळ बघितलं. मला आपली साहेबांची पेटी आठवली, जितका उशीर तितकं डोकं गुंतलेलं. त्या हिशेबाने देवाला प्रश्न भलताच जड गेला होता. मला हसू येत होतं, आणि आतून भीतीही वाटत होती. डावी पडली तर? मी काय, पेटी उचलून पुढच्या गावाला जाणार. ही पोर उद्यापासून घरात. मी मनात देवाला म्हटलं, पाकळी पाडूच नकोस बाबा, अशीच राहू दे.

गुरव म्हणाला, “देव विचार करता.”

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. “माका कोणी इचारूक नाय.”

सगळ्यांनी वळून बघितलं. संगीता खांबाला टेकून उभी होती. बापाच्या तोंडाकडे बघत म्हणाली, “डोक्याक ताप जाता असा मी लिवलंय. शाळा नको असा खंय लिवलंय?”

ती दोन पावलं पुढे आली.

“बाबा, तुका गाडी चलवताना त्रास जाता मां? राती येवन पाठ चेपूक सांगतंस. तुका कोणी कागद दिलो तर तू कितीर खूण करशी?”

बाबीने मान खाली घातली. “नवार,” तो म्हणाला.

“मगे गाडी सोडलंस?”

ती रडली नाही. रडले ती मी. सरळ पदर डोळ्याला लावला, हेडमास्तर बघतायत तर बघू देत म्हटलं.

बाबी उठला. मूर्तीसमोर हात जोडून म्हणाला, “देवा, प्रश्न परत घेतंय. माका उत्तर गावला.” आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागला. आम्ही पाठ फिरवली आणि मागे गुरव “पडली! पडली!” म्हणून ओरडला. हेडमास्तर गर्रकन वळले, “कोणती? कोणती?” बाबी चौकटीतून न वळताच म्हणाला, “गुरवानूं, सांगा नकात!” गुरवाने एकदा बापाकडे, एकदा मुलीकडे बघितलं, पडलेली पाकळी उचलली आणि प्रसाद म्हणून संगीताच्या हातावर ठेवली. ती कोणत्या बाजूची होती ते मला आजपर्यंत माहीत नाही. हेडमास्तर मात्र पुढे कितीतरी दिवस गुरवाच्या मागे लागले होते.

दुसऱ्या दिवशी संगीता वर्गात होती. हेडमास्तरांनी काही म्हटलं नाही. देवळात “व्हय म्हाराजा” इतक्या मोठ्याने म्हणून गेल्यावर म्हणणार काय?

आता साहेबांच्या अहवालाचं. त्या शाळेचा आकडा काढताना साहेबांनी संगीताचा नऊ तांबड्या शाईने कापला. मी भांडले. “साहेब, त्या गठ्ठ्यातला तेवढाच खरा आहे!”

“बाई,” ते अगदी प्रेमाने म्हणाले, “एका मुलीपायी सगळी सरासरी बिघडते.”

चोपड्याचे नऊ राहिले, ह्या शाळेचे एक राहिले, आणि सगळ्याची गोळाबेरीज होऊन मधलाच एक गुळमुळीत आकडा निघाला. म्हणजे कुठल्याही भाषेत शिकवा, पोरांना बेताचाच त्रास होतो. मग काय, पहिल्या बाजूच्या पुढाऱ्याने तो अहवाल सभेत फडकावला, दुसऱ्या बाजूच्यानेही फडकावला. साहेबांना बढती मिळाली. ती पेटी कार्यालयातल्या कुणीतरी घरी नेली, दिवा चांगला होता म्हणून. मला वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की पोरांचं ऐकायला म्हणून मला पाठवलं होतं आणि एक पोर खरं बोललं तर तेवढंच कापलं गेलं. तो सल अजून आहे.

पुढच्या वर्षी मी माझ्या शाळेत परत आले होते. पण जीव राहिना म्हणून एक दिवस त्या खाणीच्या गावाला गेले. उरलेला एक कागद पर्समध्ये होता. संगीताला दिला. सहावीचं गणित तिने भरभर सोडवलं आणि जरा विचार करून चारवर खूण केली.

“चार?” मी म्हटलं. “कुणी सांगितलं का गं?”

“नाही बाई, खरंच.” ती आता माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलत होती. “आता मी मध्ये घरी जात नाही. सरळ इंग्रजीतच सोडवते.”

मी तिची पाठ थोपटली. मला खूप आनंद झाला होता. पण ‘मध्ये घरी जात नाही’ हे कुठेतरी टोचलंही. ते मी तिला सांगितलं नाही.

परतताना नाक्यावर बाबीचा टिपर उभा होता. मला बघून त्याने खाली उडी मारली. मी म्हटलं, “बाबी, पोरगी चारवर आली! आता तिला काही जड नाही.”

“माहीत आसा,” तो हसला. “राती अभ्यास करताना इंग्लिशीत मोठ्यान बोलता. मी बाजूक बसतंय. आदी ती माका इचारी, ‘बाबा, हेका आपल्यात काय म्हणतत?’ आता इचारीना नाय. मीच इचारतंय तिका, ह्या काय, ता काय. ती सांगता. थोडा कळता, थोडा कळना नाय. तरी बसतंय.”

टिपरच्या दारावर चढता चढता तो थांबला.

“बाई, तो कागद आसा तुमच्याकडे आजून?”

“कशाला रे?”

“तिचो नऊ आता माका पडलो,” बाबी म्हणाला. “लिवन घेवा.” आणि त्याने गाडी सुरू केली.